तांब्यावरची रेघ

मिरजेला १८०५ साली भगवद्गीता छापली गेली, ती खिळे जुळवून नव्हे, तर तांब्याच्या पत्र्यांवर अक्षरं कोरून. या कामाची मुळं पुण्यात होती. इंग्रजांचा वकील चार्ल्स मॅलेट पेशव्यांच्या दरबारी असताना छापण्याच्या विद्येची हवा पुण्याला लागली. नाना फडणविसांनी एका तांबटाला हाताशी धरलं आणि त्याला देवनागरी अक्षरं कोरायला लावली. पुढे नानांचे दिवस फिरले आणि तो कारागीर मिरजेच्या गंगाधरराव पटवर्धनांच्या आश्रयाला गेला, अशी हकिकत मुद्रणाच्या इतिहासात सांगितली जाते.

तांब्यावर कोरणं आपल्याकडे नवं नव्हतंच. शिलाहार, राष्ट्रकूट, यादव सगळ्यांचे ताम्रपट निघालेले आहेत. पण ताम्रपट वाचायचा असतो. त्यातल्या खाचांत शाई भरावी, त्यावर ओला कागद दाबावा आणि खाचेतली शाई कागदावर उचलून घ्यावी, हे काही कुणी केलं नाही. युरोपात मात्र पंधराव्या शतकापासून सोनार आणि चित्रकार तेच करत आले. या साध्या वाटणाऱ्या युक्तीतून तिकडे ड्यूरर आणि रेम्ब्रां यांची मुद्राचित्रं उभी राहिली.

आपल्याकडे छापील चित्र आलं ते दुसऱ्या वाटेनं. मुंबईत गिरगावात १८९४ साली राजा रविवर्म्यांचा छापखाना सुरू झाला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथून निघालेल्या लक्ष्मी-सरस्वती घरोघरी पोचल्या. ते काम मोठंच होतं. तरी त्याचा क्रम नीट पाहायला हवा. चित्रकार तैलचित्र काढणार, दुसरे कारागीर ते रंगारंगानं दगडावर उतरवणार, यंत्र त्याच्या प्रती काढणार. प्रत ही प्रतच राहायची. छापलेला कागद हेच मूळ चित्र, पत्र्यावर रेघ ओढणारा आणि ठसा काढणारा हात एकच, ही कल्पना इथे रुजायला विसावं शतक उजाडावं लागलं. ती रुजवणाऱ्यांत पहिलं नाव मुकुल डे यांचं.

मुकुलचा जन्म २३ जुलै १८९५ चा, ढाका जिल्ह्यातल्या श्रीधरखोला गावचा. वडील कुलचंद्र पोलीस खात्यात होते आणि कविताही करत. मुलाला त्यांनी शांतिनिकेतनात, रवींद्रनाथांच्या आश्रमशाळेत घातलं. पुढे कलकत्त्यात चित्रकार अवनींद्रनाथांच्या हाताखाली तो शिकला. त्या काळच्या बंगाली चित्रकारांचं मन जलरंगाच्या धूसर, धुवून काढलेल्या छटांत रमलेलं होतं. मुकुलचा जीव मात्र रेषेवर जडला. पुढची साठ-सत्तर वर्षं त्यात बदल झाला नाही.

३ मे १९१६ रोजी ‘तोसा मारू’ या जपानी बोटीनं रवींद्रनाथ कलकत्त्याहून निघाले. बरोबर अँड्र्यूज आणि पिअर्सन हे दोन इंग्रज स्नेही आणि विशीतला मुकुल. जपानात योकोयामा ताइकान, शिमोमुरा कान्झान अशा मोठ्या चित्रकारांचं काम त्याला जवळून पाहता आलं. कुंचल्याच्या एका ओढीत बांबूचं पान कसं उमटतं, जाड-बारीक होत जाणारी एकच रेघ आकाराला वजन कसं देते, हे त्यानं तिथे पाहिलं. सप्टेंबरात रवींद्रनाथ, पिअर्सन आणि मुकुल अमेरिकेला गेले. रवींद्रनाथ राष्ट्रवादावर गावोगाव व्याख्यानं देत फिरले. मुकुलला शिकागोत वेगळीच शाळा सापडली.

शिकागोत १९१० पासून एचिंग करणाऱ्या कलावंतांची एक सोसायटी होती. तिचा कणा म्हणजे बर्था जॅक्स ही बाई. १८९३ च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात तिनं एचिंग पाहिली आणि त्यांच्या मोहात पडली. शिकवणारं जवळ कुणी नव्हतं. नवरा डॉक्टर होता. शस्त्रक्रियेची हत्यारं हीच तिची पत्र्यावर रेघा ओढण्याची पहिली साधनं झाली. लंडनमध्येही चित्रकार-एचरांची सोसायटी १८८० साली ज्यानं काढली तो फ्रान्सिस सेमूर हेडन पेशानं शल्यचिकित्सकच होता. या कामाला लागणारा स्थिर हात आणि टोकावरचा ताबा दोन्ही धंद्यांत सारखाच, म्हणून हा योग मला निव्वळ योगायोग वाटत नाही. बर्था जॅक्सच्या ओळखीनं मुकुलला ब्लँडिंग स्लोन हा तरुण शिक्षक मिळाला आणि त्याच्याकडे तो एचिंग शिकला. परदेशात ही कला शिकलेला पहिला भारतीय म्हणून आज त्याचं नाव घेतलं जातं.

तो शिकला काय, हे कळल्याशिवाय पुढचं नीट कळणार नाही. म्हणून थोडा वेळ कामाच्या टेबलापाशी थांबू.

तांब्याचा किंवा जस्ताचा पत्रा घ्यायचा. त्याच्या कडा कानशीनं उतरत्या घासायच्या, नाहीतर दाबाखाली कागद कापला जातो. मग खडूच्या भुकटीनं घासून पत्र्यावरचा तेलकटपणा काढायचा. पाणी ओतलं की ते थेंब न धरता सपाट पसरायला हवं. बोटाचा एक ठसा राहिला तरी पुढे तिथे दगा होतो. पत्रा गरम करून त्यावर मेण, डांबर आणि राळ यांचं मिश्रण अगदी पातळ थरात पसरायचं. हा थर म्हणजे ‘ग्राउंड’. आम्लाला तो आत शिरू देत नाही. मग पत्रा पालथा धरून खालून मेणबत्त्यांचा धूर द्यायचा. काजळी मेणात मुरते आणि पत्रा काळा चकचकीत होतो. ज्योत जास्त जवळ आली तर मेण करपतं आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून.

आता सुई. इथे जोर लावायचा नसतो. सुई मेणाचा थर तेवढा बाजूला सारते, खालचं तांबं झळकतं. काळ्यावर सोनेरी रेघ दिसते, जी कागदावर पांढऱ्यावर काळी उमटणार असते. वर डावं-उजवं उलटं होणार. माणसाचा भांग डावीकडे असेल तर पत्र्यावर तो उजवीकडे काढायचा, नाव लिहायचं तर उलटं. एचिंग करणारा दोन उलटे हिशेब मनात धरून काम करतो, म्हणून काही जण समोर आरसा ठेवून त्यात बघत रेघा ओढतात.

मग पत्रा आम्लात जातो. आपले सोनार ज्याला तेजाब म्हणतात ते नायट्रिक अ‍ॅसिड पाण्यात पातळ करून ताटात घेतात. उघड्या रेघांवर बारीक बुडबुडे धरतात. ते बसून राहिले तर रेघ ओबडधोबड खाल्ली जाते, म्हणून पक्ष्याच्या पिसानं ते हलक्या हातानं सारायचे. सगळ्यात फिक्या हव्यात त्या रेघांना काही मिनिटं पुरतात. पत्रा काढायचा, धुवायचा, वाळवायचा, त्या रेघांवर वार्निश लावून त्यांचं तोंड बंद करायचं आणि उरलेल्यांसाठी पुन्हा आम्लात सोडायचा. दूरचं आकाश आधी बंद, मग झाडं, शेवटी पुढचा काळा खडक. पत्रा आम्लात किती वेळ राहिला यावर रेघेचा रंग ठरतो. उष्ण हवेत आम्ल जास्त वेगानं खातं, त्यामुळे शिकागोच्या थंडीत बसवलेला हिशेब बंगालच्या वैशाखात जसाच्या तसा चालत नाही.

शेवटी छपाई. मेण पुसून काढायचं, घट्ट शाई सगळ्या खाचांत चोळून भरायची. मग खळ दिलेल्या जाळीदार कापडाच्या बोळ्यानं वरवरची शाई पुसत आणायची आणि शेवटचा हात खरोखरच हाताचा: खडूची भुकटी लावलेला तळवा पत्र्यावरून फिरवायचा. पुसताना किती शाई मागे ठेवायची हे छापणारा ठरवतो. थोडी राहू दिली तर सांज होते, लख्ख पुसली तर दुपार. भिजवलेला जाड कागद वर ठेवून, त्यावर लोकरी नमद्यांच्या घड्या घालून पत्रा प्रेसच्या दोन लाटांमधून काढतात. दाब इतका असतो की ओला कागद खाचांत शिरून शाई वर ओढून आणतो आणि पत्र्याच्या कडांचा चौकोन कागदात रुततो. पुढच्या ठशासाठी पुन्हा शाई भरणं, पुन्हा पुसणं. दिवसाकाठी थोडेच ठसे निघतात आणि त्यातले दोन हुबेहूब सारखे नसतात.

मुकुल १९१७ साली मायदेशी परतला. यानंतर आणि विलायतेला जाण्याआधी त्यानं जे केलं त्याचा थेट संबंध आपल्या मातीशी आहे: तो अजिंठ्याला आला, आणि पुढे माळव्यातल्या बाघ लेण्यांनाही गेला.

अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करण्याचा इतिहास दुर्दैवी आहे. रॉबर्ट गिलनं अनेक वर्षं खपून केलेल्या नकला १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या. नंतर मुंबईच्या जे. जे. स्कूलच्या विद्यार्थ्यांना घेऊन जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ ते १८८५ या काळात पुन्हा नकला केल्या. त्यांतल्याही कितीतरी १८८५ मध्ये साऊथ केन्सिंग्टनच्या आगीत जळाल्या. लेडी हेरिंगहॅम १९०९ ते १९११ दरम्यान आल्या तेव्हा त्यांच्याबरोबर नंदलाल बोस, असितकुमार हालदार हे बंगालचे तरुण चित्रकार होते. मुकुलनं त्यांच्याकडून अजिंठ्याचं वर्णन ऐकलेलं असणारच. त्या वेळी लेणी निजामाच्या मुलखात होती आणि पायथ्याचं फर्दापूर हाच मुक्कामाचा आधार होता.

वाघोरेच्या वळणावरच्या त्या अंधाऱ्या गुंफांत त्याला सापडली ती पुन्हा रेघच. अजिंठ्याच्या भिंतीवर आधी माती, भुसा, तंतू यांचा गिलावा, त्यावर चुन्याचा पातळ हात, आणि मग गेरूची पहिली रेघ. रंग नंतर भरले, शेवटी आकार पुन्हा गडद रेघेनं पक्का केला. आज जिथे रंग उडून गेले आहेत तिथेही ती रेघ उरली आहे. पद्मपाणीची भुवई किंवा कमळाचा देठ धरलेली बोटं बघा, रेघेच्या वळणानं तिथे मांसलपणा आलेला आहे. जपानात जिवंत कुंचल्यातून पाहिलेली ताकद इथे दीड हजार वर्षांपूर्वीच्या भिंतीवर होती. अशा भिंतीसमोर बसून वळण न् वळण उतरवणाऱ्या हाताला कोणतंही वर्ग-शिक्षण देऊ शकणार नाही अशी शिस्त लागते. त्याच्या पुढच्या तांब्यावरच्या कामात शिकागोइतकाच अजिंठाही आहे, असं मला खात्रीनं वाटतं. या प्रवासांवर त्यानं लिहिलेलं इंग्रजी पुस्तक १९२५ साली लंडनहून निघालं. प्रस्तावना ब्रिटिश म्युझियममधले पौर्वात्य कलेचे जाणकार लॉरेन्स बिनियन यांची होती.

१९२० साली तो लंडनला गेला. स्लेड स्कूलमध्ये हेन्री टॉंक्स यांच्याकडे रेखाटन, रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये सर फ्रँक शॉर्ट यांच्याकडे मुद्राचित्रण. टॉंक्स हेही मूळचे शल्यचिकित्सक, आणि विद्यार्थ्यांच्या रेखाटनाबाबत अतिशय कडक. शॉर्ट म्हणजे पत्रा, आम्ल आणि प्रेस यांचे तेव्हाचे इंग्लंडमधले सर्वांत जाणते उस्ताद. सेमूर हेडन यांच्यानंतर चित्रकार-एचरांच्या सोसायटीचं अध्यक्षपद १९१० पासून त्यांच्याकडेच होतं. मात्र मुकुलच्या हाताला खरं घर मिळालं ते म्यूअरहेड बोन यांच्या सहवासात. बोन हे स्कॉटिश चित्रकार पहिल्या महायुद्धातले ब्रिटनचे पहिले अधिकृत युद्धचित्रकार आणि ड्रायपॉइंटचे निष्णात.

ड्रायपॉइंटमध्ये मेण नाही, धूर नाही, आम्ल नाही. कडक पोलादी टोक घ्यायचं आणि थेट तांब्यावर जोरानं ओरखडा काढायचा. जमिनीतून नांगर गेला की तासाच्या कडेला माती उलथून पडते, तसं रेघेच्या काठाला तांबं उसवून वर येतं. ही उसवलेली किनार हेच ड्रायपॉइंटचं धन. शाई खाचेत भरतेच, शिवाय त्या खडबडीत किनारीतही अडकून राहते. ठशावर रेघ मखमलीसारखी, कडेला किंचित पसरलेली, काळीभोर उमटते. टोक तिरपं धरलं तर किनार एका बाजूला उठते, सरळ धरलं तर दोन्ही बाजूंना थोडी थोडी. किनार नको असेल तिथे ती पातीनं खरवडून टाकायची, म्हणजे रेघ बारीक आणि रुपेरी होते.

पण ही किनार नाजूक असते. प्रत्येक छपाईत लाटांचा दाब तिला चेपतो, पुसणारा बोळा तिला झिजवतो. पहिल्या दहा-वीस ठशांत जो काळोख असतो तो पुढे ओसरत जातो. पत्र्यावर पोलादाचा पातळ मुलामा चढवून आयुष्य वाढवता येतं, तरी मर्यादा राहतेच. रविवर्म्यांच्या छापखान्यातून हजारोंनी निघणाऱ्या चित्रांशेजारी हे ठेवून पाहिलं म्हणजे मुकुलची निवड किती वेगळी होती ते लक्षात येतं. छापण्याच्या सगळ्या तऱ्हांतून त्यानं सगळ्यात कमी प्रती देणारी तऱ्हा आपली मानली. कारण हाताचा दाब जसाच्या तसा फक्त तीच टिपते. एचिंगमध्ये रेघेची खोली आम्ल ठरवतं, ड्रायपॉइंटमध्ये मनगट.

आणखी एक सोय होती. आम्लाची ताटं नकोत म्हणून पत्रा पिशवीत टाकून कुठेही बसता येतं. पुढे बंगालच्या नद्या, होड्या, घाट, संथाळ, बाउल यांच्या चित्रांत जो ताजेपणा दिसतो, त्यात या सुटसुटीतपणाचा वाटा आहे.

त्या दशकात ब्रिटन आणि अमेरिकेत एचिंगचा बाजार तेजीत होता. बोन, कॅमरन, मॅकबे अशा एचरांचे ठसे लिलावात चढ्या भावानं जात, लोक समभाग घ्यावेत तसे ते घेऊन ठेवत. १९२९ च्या मंदीनं हा बाजार कोसळला. मुकुल डे त्याआधीच, १९२७ मध्ये मायदेशी परतले होते. त्या फुग्यात ते कधी शिरलेच नाहीत, हे एका अर्थी बरं झालं. त्यांच्या कलेचं गिऱ्हाईक इथे नव्हतंच. त्यांना ते स्वतः तयार करायचं होतं.

१९२८ साली ते कलकत्त्याच्या सरकारी कलाशाळेचे प्राचार्य झाले. त्याआधी अवनींद्रनाथांनी ती गादी हंगामी सांभाळली होती. कायमचे पहिले भारतीय प्राचार्य मुकुल डे, १९४३ पर्यंत. त्यांच्या काळात रमेंद्रनाथ चक्रवर्ती शाळेत शिकवायला आले. लाकडी ठशांची कला त्यांनी विद्यार्थ्यांच्या हाती दिली. हरेन दास त्याच शाळेतून शिकून निघाले. १९३२ मध्ये रवींद्रनाथांच्या चित्रांचं कलकत्त्यातलं पहिलं मोठं प्रदर्शन मुकुल डे यांनी याच शाळेत भरवलं. पॅरिस, बर्लिन, मॉस्को या शहरांनी सत्तरीला आलेल्या कवीची चित्रं १९३० मध्येच पाहिली होती. स्वतःच्या शहरात ती मांडायला माणूस मिळाला तो आश्रमशाळेतला जुना विद्यार्थी.

पोर्ट्रेट हा त्यांचा आयुष्यभराचा ध्यास. रवींद्रनाथ, अवनींद्रनाथ, गांधीजी, आइन्स्टाइन, जगदीशचंद्र बोस अशी कितीतरी माणसं त्यांनी समोर बसवून रेखाटली आणि कागदावर त्यांच्या सह्या घेतल्या. गांधीजींच्या चित्रांचं पुस्तक १९४८ मध्ये आलं. त्यांच्या पोर्ट्रेटांत चेहऱ्यावर मेहनत असते आणि खांद्याखाली रेघा विरत जातात. शालीची एखादी घडी दाखवून ते थांबतात. उरलेला कागद कोरा. हा संयम हातावर ताबा असलेल्या माणसालाच परवडतो. कमी वकुबाचा चित्रकार तिथे शाल पुरी विणून काढेल.

१९३९ मध्ये ‘फिफ्टीन ड्रायपॉइंट्स’ हा संच निघाला. चित्रांना जोडून कविता हरींद्रनाथ चट्टोपाध्याय यांच्या, म्हणजे सरोजिनी नायडूंच्या धाकट्या भावाच्या. काही ड्रायपॉइंटांवर मुकुलबाबूंनी हातानं हलका रंगही चढवला. शुद्धतावाद्यांना तो खटकेल. मला त्यात अजिंठा आठवतो, रेघ आधी आणि रंग तिच्या आज्ञेत.

पुढे १९५० च्या दशकात ते दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाचे क्युरेटर होते. बाकीचं आयुष्य बहुतेक शांतिनिकेतनातल्या ‘चित्रलेखा’ या घरी गेलं. १ मार्च १९८९ रोजी ते वारले. तोवर भारतीय मुद्राचित्रणाची वाट कितीतरी दूर गेली होती. बंगालच्या दुष्काळाची चित्रं काढणारे चित्तप्रसाद मुंबईत येऊन अंधेरीला राहिले आणि लिनोच्या ठशांतून त्यांनी मजुरांची, मुलांची चित्रं कोरली. सोमनाथ होर यांनी ठशांतून जखमा मांडल्या. त्यांची वाट वेगळी, दुःख वेगळं. पण ठसा हेच चित्र, हे त्यांना कुणाला पटवून द्यावं लागलं नाही.

मुकुल डे यांचा एखादा ड्रायपॉइंट संग्रहालयात भेटला तर काचेसमोर थेट उभं राहू नये, थोडं बाजूला सरकावं. तिरप्या उजेडात आधी कागदात रुतलेला पत्र्याचा चौकोन दिसतो. मग रेघा: शाई कागदावर बसलेली नसते, किंचित उठलेली असते. होडीच्या काठापाशी किंवा दाढीच्या सावलीत जिथे काळं मऊ होऊन पसरतं, तिथे पोलादी टोकानं तांबं उसवलं होतं. चौकोनाच्या खाली, कोऱ्या कागदावर, शिसपेन्सिलीनं केलेली सही असते. ती मात्र सरळ वाचता येते.